बफ न मारलेलं पितळ

"शेठ आहेत का?"

लेथ चालू असताना कुणी हाक मारली तर मी मान वर करत नाही. वर केली की बोट जातं, हे बाबांनी मला पहिल्या दिवशीच शिकवलंय. मी पितळेचा कीस बाजूला होऊ दिला, मशीन बंद केलं, आणि मगच दाराकडे बघितलं.

दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी — असं जपून धरलेलं, की मला वाटलं चिमणीचं पिल्लूच घेऊन आलाय.

"शेठ?" त्याने परत विचारलं.

"समोर उभी आहे."

"नाही म्हणजे... टर्नर. काम करतात ते."

"तेही समोरच उभे आहेत."

मागे खुर्चीत पेपर वाचणारे माझे बाबा खोकले. महिपत घोरपडे, मुक्काम पोस्ट कोरेगाव तालुका, गेली पस्तीस वर्षं डोंबिवली एमआयडीसी. पाठीचं दुखणं निघाल्यापासून ते फक्त पेपर वाचतात आणि योग्य वेळी खोकतात.

मुलगा ओशाळला. ओशाळला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, हे मला त्याच दिवशी कळलं. कळून घ्यायची काही गरज नव्हती, पण कळलं.

"सॉरी मॅडम. मी दिपेश. खारीपाड्याचा, दिव्याच्या पुढे... खाडीला लागून. आमचा ब्रास बँड आहे. तुम्ही गॅसच्या बर्नरचे नोझल बनवता ना? बारीक काम. मला वाटलं, हे पण..."

त्याने रुमाल उघडला. आत सॅक्सोफोनचा माउथपीस होता — तोंडात धरून फुंकायचा तो चोचीसारखा तुकडा. करड्या रंगाचा, जुना, दातांच्या खुणा पडलेला. मागचा भाग शाबूत आणि पुढचं टोक मात्र पापडासारखं चेपलेलं.

"काय केलंत हो याचं?"

"टेम्पोत वाद्यं चढवत होतो. एक मिनिट टायरवर ठेवला..." त्याचा आवाज खाली गेला. "आणि मीच ओरडलो, येऊ दे, येऊ दे, मागे येऊ दे."

मला हसू आलं. ते मी गिळलं, कारण त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"सरळ होईल का?"

"सरळ होईल. पण टोकाला चीर गेलीय, वारा गळेल. नवा बनवावा लागेल."

"नवा? हा कास्याचा आहे, मॅडम. आमच्या गावदेवीची जुनी घंटा फुटली, तिच्या धातूतून माझ्या आज्याने ओतून घेतलेला. धाकू मास्तर म्हणून विचारा कुणालाही, कळव्यापासून खडवलीपर्यंत. आज्याचा आवाज म्हणजे देवीच्या घंटेचा आवाज. तो या धातूत आहे."

मी माउथपीस हातात घेतला. चेपलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. आणि गप्प बसले.

कारण मला तिथल्या तिथे एक गोष्ट कळली होती. ती मी त्याला सांगायला हवी होती. पण समोर तो असा उभा होता, की जणू मी डॉक्टर आहे...

"कधीपर्यंत हवाय?" मी एवढंच विचारलं.

"माघातली पालखी. पाच आठवडे आहेत."

* * *

खारीपाड्याची रीत त्याने दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितली. माघात देवीची पालखी खाडीच्या बांधावरून निघते. निघायच्या आधी बांधावर उभं राहून एक सॅक्सोफोन एकट्यानेच देवीची चाल वाजवतो. माईक नाही, स्पीकर नाही. तिकडे अर्ध्या किलोमीटरवर देवळाच्या पायरीवर एक म्हातारी डोळे मिटून बसते. तिला सूर ऐकू आला की ती हात वर करते, देवळातली घंटा वाजते, आणि मगच पालखी हलते. तीनदा वाजवायची मुभा, दर वेळी आधी नारळ फोडून. तीनदात ऐकू गेलं नाही, तर वाजवण्याचा मान समोरच्या आळीला.

"आणि समोरच्या आळीत कोण?"

"आनंदा. कीबोर्डवाला. आठ स्पीकर आहेत त्याच्याकडे, आणि आता तो पण सॅक्स शिकलाय. चाळीस वर्षं मान आमच्या घरात आहे. आज्या गेल्या पावसाळ्यात गेला. यंदा मी पहिल्यांदा उभा राहणार." त्याने कप ठेवला. "पूर्वी खाडीवर नुसता वारा असायचा. आता तिकडे पूल झालाय, इमारती झाल्यात, टँकर फिरतात. एवढ्या आवाजातून जायचं म्हणजे..."

"आणि ती म्हातारी? ती तुमच्या बाजूची ना?"

"जाईबाई? आनंदाची सख्खी आजी."

"अरे देवा."

"पण खोटं बोलत नाही ती. आमच्या आज्याला चाळीस वर्षं हात वर केला, आणि चाळीस वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. जमिनीची भांडणं."

म्हणजे काम साधं होतं. एका गावाचा मान, एका मेलेल्या माणसाचा आवाज आणि एका प्रामाणिक म्हातारीचे कान. यापेक्षा दोन हजार नोझल परवडली असती.

"घंटेचं कासं आता कुठून आणणार?" मी म्हटलं. "आधी जे आहे त्यात बनवून बघू. पितळ, स्टील, अ‍ॅल्युमिनियम. माप तुमच्या सरावाच्या प्लॅस्टिकच्या माउथपीसचं घेते."

"धातूगणिक आवाज बदलतो, मॅडम. बघाच तुम्ही."

"मी टर्नर आहे. मी बघत नाही, मोजते."

"मग मोजा. मी वाजवतो."

* * *

तो रोज दुपारी तीनला यायचा. कुठल्यातरी कुरियर कंपनीत सकाळची पाळी करून, पाठीवर सॅक्सोफोनची पेटी टाकून. आमच्या गल्लीत एका बाजूला प्रेस धडधडते, दुसऱ्या बाजूला परशुराममामांचं पॉलिशचं, म्हणजे बफिंगचं, चाक घोंघावतं, आणि या सगळ्यात हा मधोमध उभा राहून फुंकायचा.

"हे ऐका, स्टील. तिखट आहे ना? कानात मिरची गेल्यासारखं."

"ऐकलं."

"आता पितळ. गोड. गुळाचा चहा."

"हं."

"अ‍ॅल्युमिनियम पोकळ. रिकाम्या डब्यात बोलल्यासारखं. कळतोय ना फरक?"

खरं सांगायचं तर मला काहीच कळत नव्हतं. तिन्ही वेळा मला एकच दिसायचं — डोळे मिटलेले, भुवया वर गेलेल्या, आणि गळ्याची एक शीर तटतटलेली. आता एवढं समोर असताना कान कशाला काम करतील?

"तिघांचं माप एकच आहे," मी म्हटलं. "टोकाची फट तीच, भोक तेच, आतला उतार तोच. आवाज वेगळा कसा येईल?"

"तुमचा कान कच्चा आहे."

"आणि तुमची खात्री फार पक्की आहे. परीक्षा देता?"

"कधीही."

मी माझी ओढणी काढली. निळी, कॉटनची, एका कोपऱ्याला ऑइलचा डाग. त्याच्या डोळ्यांवर बांधताना मला टाचा उंचवाव्या लागल्या. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता, आणि बहुतेक माझ्या हातांना कटिंग ऑइलचा.

"दिसतंय का?"

"नाही... पण कळतंय."

"काय?"

"की तुम्ही श्वास रोखून धरलाय."

बाबा खोकले. मी गाठ जरा जास्तच आवळली.

तिन्ही माउथपीसना मी काळी टेप गुंडाळली. हलक्या असलेल्यांना टेपखाली शिशाची पट्टी दिली, म्हणजे वजनावरून ओळखायला नको. मग एकेक लावत गेले. तो वाजवून सांगत गेला. "पितळ. नक्की पितळ." स्टील होतं. "हे अ‍ॅल्युमिनियम, पोकळ आहे." पितळ होतं. नऊ वेळा वाजवलं, त्यात दोनदा बरोबर आलं. एकदा तर मी तोच परत लावला, आणि तो म्हणाला, हां, हा आधीच्यापेक्षा फार वेगळा आहे.

ओढणी सोडली तेव्हा त्याने कागदावरचे आकडे दोनदा मोजले.

"म्हणजे मला ऐकू येत नाही?"

"येतं. पण डोळ्यांना आधी दिसतं आणि ओठांना आधी वजन लागतं, मग कान त्यांची री ओढतो. धातू स्वतःहून बोलत नाही रे. आतला आकार बोलतो."

'रे' निसटलं. दोघांनाही ऐकू आलं, आणि तिथे मात्र कुणाच्याही कानाला शंका नव्हती.

"मग मी पण 'अगं' म्हणू?" तो हळूच म्हणाला.

"आधी आवाज काढून दाखव. मग बघू."

* * *

पण कास्याचा हट्ट त्याने सोडला नाही. परीक्षा पितळ-स्टीलची झाली, कास्याची कुठे झाली? घंटेची गोष्ट वेगळी! कल्याणच्या एका ओतकाम करणाऱ्याकडून त्याने घंटेच्या कास्याची कांडी ओतून आणली. मी ती लेथच्या जबड्यात, चकमध्ये, धरली, ड्रिल लावलं. दोन मिनिटं बरं चाललं, आणि मग — टक्. काचेच्या बांगडीसारखी कांडी उभी तडकली.

दिपेशने तुकडे उचलले. तळहातावर ठेवून बघत राहिला.

"एवढं ठिसूळ असतं?"

"घंटेचं कासं असंच. गातं छान, पण वाकत नाही. तुटतं."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण त्याचं लक्ष आता टेबलावरच्या जुन्या माउथपीसकडे गेलं होतं. चेपलेल्या, वाकलेल्या टोकाकडे.

"मग हा टायरखाली तुटला का नाही?"

मी चकमधला चुरा झाडायला घेतला.

"अक्षदा." पहिल्यांदाच त्याने 'मॅडम' सोडलं. "हा तुटला का नाही?"

"कारण तो कास्याचा नाहीये." मी कानस घेतली, चेपलेल्या कडेवर एकदाच ओढली. करड्या थराखाली लख्ख पिवळी रेघ उमटली. "पितळ आहे. वरून मुलामा. आमच्या नोझलला वापरतो तसलंच."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. हातात घेतला तेव्हा."

तो आज्याबद्दल काही बोलला नाही, देवीबद्दलही नाही. फक्त म्हणाला, "तीन आठवडे मी इथे येऊन घंटेच्या गोष्टी सांगत होतो. आणि तू ऐकून घेत होतीस... मनातल्या मनात हसत असशील ना?"

"नाही रे, मी—"

पेटी उचलून तो गेला. कास्याचे तुकडे नीट टेबलावर ठेवून गेला. चिडलेल्या माणसाने सुद्धा वस्तू जागेवर ठेवावी, याचा मला का कोण जाणे, जास्तच त्रास झाला.

"मी काही बोलत नाही," बाबा पेपरामागून म्हणाले.

"मग नका बोलू."

"खरं लपवणारी माणसं दोन प्रकारची. एक फायद्यासाठी लपवतात. दुसरी... जाऊ दे. मी कुठे बोलतोय!"

* * *

पाच दिवस तीन वाजले आणि गेले. सहाव्या दिवशी मी जुना माउथपीस उचलला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि पहिल्यांदा त्याच्या आत नीट बघितलं.

आत कानशीचे ओरखडे होते. बारीक, तिरपे, एकावर एक — शेकडो. मशीनचे नव्हेत, हाताचे. कुणीतरी चिमणीच्या चोचीएवढ्या कानशीने आतला उतार घासत, वाजवून बघत, परत घासत गेलं होतं. टोकाजवळ उतार उंच, मग एकदम खोल. असा आकार कुठल्या नकाशात नव्हता. आणि टोकाची कड पात्यासारखी धारदार.

धाकू मास्तर, मी मनात म्हटलं, तुम्ही तर आमच्यातलेच निघालात.

मी फोटो काढला आणि दिपेशला पाठवला. खाली लिहिलं: 'घंटा नव्हती. आज्याचे हात होते. हसले नव्हते, घाबरले होते. तू यायचा बंद होशील म्हणून.'

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दुपारी तीन वाजता दारात पेटी टेकल्याचा आवाज झाला.

"आजी म्हणाली," तो दारातूनच म्हणाला, "आज्या ओटीवर बसून काहीतरी घासत असायचा. ती विचारायची, तर म्हणायचा, देवीचा गळा साफ करतोय. घंटेचं लोकांनी चिकटवलं, त्याने नुसतं नाही म्हटलं नाही." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "त्याने पण लपवलंच की. त्याच्यावर कुठे रागावलो मी?"

"मग माझ्यावरच का?"

"आज्या हसला असता तर चाललं असतं. तू हसली असतीस तर... जाऊ दे. काम करूया का?"

कान लाल. दोन्ही.

आम्ही चेपलेलं टोक हलकेच सरळ केलं आणि आत मेण ओतून ठसा घेतला. पितळ निवडलं, कारण स्टीलमध्ये हाताची कानस चालवायला दोन महिने लागले असते आणि आमच्याकडे नऊ दिवस होते. पितळ नरम. हाताचं ऐकतं. चार दिवस मी घासत होते आणि तो वाजवत होता. अजून थोडं, बस, आता डावीकडे, थांब थांब थांब! पाचव्या दिवशी असा सूर लागला की शेजारच्या प्रेसवाल्याने मशीन थांबवून विचारलं, कोण वारलं का? आमच्याकडे कौतुक असंच करतात.

आणि मग मी ती चूक केली.

बारा वर्षांची सवय. माल तयार झाला की परशुराममामांकडे जातो. मी सकाळी माउथपीस त्यांच्या हातात दिला आणि नेहमीसारखं म्हटलं, "मामा, मस्त चमकवा."

मामांनी चमकवला. आरशासारखा. पितळ म्हणजे मामांचा जीव. आतबाहेर, कडा-कोपरे, काही सोडलं नाही. दिपेशने तो बघून शीळ घातली, सॅक्सोफोनला लावला आणि फुंकलं.

मेला होता. सूर होता, पण कांबळ पांघरल्यासारखा. त्याने माउथपीसला बांधलेली वेताची पातळ पट्टी बदलली, ओठांची ठेवण बदलली, शेवटी माझ्याकडे बघितलं.

"अक्षदा... काय झालं याला?"

मी भिंग लावलं. टोकाची पात्यासारखी कड गोल झाली होती. आतले ओरखडे पुसून उतार गुळगुळीत, सपाट. बफच्या चाकाने चार दिवसांचं काम चार मिनिटांत खाल्लं होतं. स्टील असतं तर दाद दिली नसती. पितळ नरम ना. हाताचं ऐकतं, तसं चाकाचंही ऐकतं.

"मी केलं," मी म्हटलं. "धार दिसली की मोडायची, चकाकी आणायची, हेच मला येतं. मीच मारलं ते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्या आरशात दिसलं. दिपेशने माउथपीस माझ्या हातातून काढून घेतला.

"तुझं बोट कापलंय," तो म्हणाला. "कधीपासून?"

"परवापासून."

"सांगितलं नाहीस."

"लपवायची सवय आहे मला."

तो हसला. त्या दिवशी, सगळं बुडालेलं असताना, तो हसला. खिशातून पट्टी काढून त्याने माझ्या बोटाला लावली — कुरियरवाल्यांच्या खिशात असते — आणि बोट सोडायला जरा जास्तच वेळ घेतला.

"तीन दिवस आहेत, अगं," तो म्हणाला. "ठसा आहे, हात आहेत. आणि या वेळी चमकवायचं नाही."

बाबा खोकले नाहीत. ते उठले, पाठीला हात लावत लेथपाशी आले आणि म्हणाले, "सरक. बाहेरचं मी काढून देतो. आतलं तू कर."

* * *

पालखीच्या दिवशी सकाळी मी खारीपाड्याला देवळाच्या पायऱ्यांवर उभी होते. दिपेशच्या पेटीत जगातला सगळ्यात कुरूप माउथपीस होता: ओरखड्यांनी भरलेला, काळपट पिवळा.

वरच्या पायरीवर जाईबाई बसलेली. हिरवं लुगडं, डोळे मिटलेले, चेहरा दगडाचा. खालच्या पायरीवर हातात दिव्याचं ताट घेऊन दिपेशची आजी, कमळाबाई. बाजूला आनंदा, गळ्यात चकचकीत सॅक्सोफोन अडकवून तयार. वाईट नव्हता तो. मला त्याने बसायला खुर्ची पण दिली. मी बसले नाही.

"कोनाची गो पोर तू?" कमळाबाईने मला विचारलं.

"मी... माउथपीस बनवला. डोंबिवलीहून."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बोटावरच्या पट्टीवर नजर थांबली. "हां," ती म्हणाली. "म्हंजे तीच."

तीच म्हणजे कोण, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बांधावर नारळ फुटला. दूरवर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. सगळं गाव गप्प झालं. पण पूल कुठे गप्प होतो? गाड्यांची घरघर, कुठल्यातरी इमारतीवर काँक्रीटचं मशीन. आणि खाडीचा माघातला वारा, गार, उलटा.

काही आलं नाही. जाईबाई हलली नाही.

दुसरा नारळ. काहीतरी आलं... का वाटलं? सुताएवढं बारीक, वाऱ्यात तुटलेलं. लोकांनी जाईबाईकडे बघितलं. तिने मान हलवली. नाही.

आनंदाने सॅक्सोफोनची वेताची पट्टी ओली करायला घेतली. कमळाबाईने ताटातल्या दिव्याला हाताचा आडोसा केला.

मी फोन लावला. बेल वाजली, वाजली...

"अक्षदा, होत नाहीये." त्याचा श्वास चढलेला. "पहिलाच सूर फाटतोय."

"धातू गार पडलाय," मी म्हटलं. "वाऱ्यात उघडा ठेवलास ना? पितळ गार लवकर पडतं. मुठीत धर. घट्ट. पट्टी तोंडात ओली कर. तिसरा नारळ फोडायला घाई करू देऊ नको."

"बरं."

"आणि दिपेश—"

"काय?"

"आज्यासाठी वाजवू नको. गावासाठी पण नको. मी पायरीवर उभी आहे. माझा कान कच्चा आहे हे तुला माहितीये. मला ऐकू येईल असं वाजव."

पलीकडे नुसता वारा. मग तो म्हणाला, "अगं, एवढे दिवस तेच तर करतोय."

"फोन कला करतंस गो देवलात?" जाईबाईने डोळे न उघडता मला दटावलं.

मी फोन ठेवला. तिसरा नारळ फुटला.

आणि ते आलं.

आधी कानाला नाही, छातीला लागलं. मग गाड्यांच्या घरघरीवरून, काँक्रीटच्या मशीनवरून, उलट्या वाऱ्याला चिरत एक सूर सरळ रेषेत आला — पात्यासारखा धारदार, आणि त्या धारेच्या आत कुठेतरी ऊब. गोड? तिखट? मला नाही सांगता येत. मला फक्त एवढं कळलं की तो माझ्याकडे येतोय, आणि मी ज्या प्रत्येक ओरखड्यावर बोट फिरवलं होतं, त्या प्रत्येकावरून घसरत येतोय.

मी जाईबाईकडे बघायचं विसरले. घंटा वाजली तेव्हाच कळलं. तिचा हात वर होता — बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या — आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी हिरव्या लुगड्यावर पडत होतं.

"धाकू मेला नाय," ती म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने ते नाव घेतलं असावं, कारण कमळाबाई वळली आणि तिच्याकडे बघतच राहिली.

गावात एकच गलका उठला. गुलाल उडाला. आनंदाने सॅक्सोफोन गळ्यातून काढला आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्याच्याच. पालखी बांधावरून उतरून गावाच्या रस्त्याला लागली. पुढे दिपेश, वाजवत. देवळाच्या उंबऱ्यापर्यंत थांबायचं नाही, अशी रीत. कपाळावर गुलाल, गाल फुगलेले, डोळे शोधत.

कमळाबाई ताट घेऊन पायऱ्या उतरली. दोन पायऱ्या गेली आणि थांबली.

"ए पोरी. घरच्या बायका वाजपाच्या पुरं चालतान. पावनी मागं." तिने ताट जरासं माझ्याकडे सरकवलं. वाजवणाऱ्याच्या पुढे घरची किंवा मागे पाहुणी, तिसरी जागा नव्हती. "तू कुठं चालतंस?"

दिपेश दहा पावलांवर आला होता. त्याने प्रश्न ऐकला. बोलता येत नव्हतं, तोंडात माझं पितळ होतं. तो नुसता बघत होता — भुवया वर, कान लालबुंद — आणि वाजवत होता.

मी ताटाची एक बाजू धरली आणि त्याच्या पुढे जाऊन उभी राहिले.

आता, हसताना सॅक्सोफोन वाजत नाही. ओठ पसरले की वारा निसटतो. कुठलाही धातू घ्या, कितीही कानस मारा, यावर इलाज नाही. माझ्या पाठीमागे देवीच्या चालीचा सूर एकाएकी फाटला, घसरला, बकरीसारखा बें करून ओरडला आणि पार बंदच पडला. अख्खं गाव बघायला लागलं.

वरच्या पायरीवरून जाईबाईने पहिल्यांदाच डोळे उघडले.

"झाला," ती म्हणाली. "बिघरला पोरगा!"

आणि खारीपाडा एवढं हसला, एवढं हसला, की ते नक्की बांधापर्यंत ऐकू गेलं असणार.